न्यू वेलहाउटची पंगत

सुचेता त्या गावात कधीच गेली नाही. जायचं ठरलं मात्र होतं. २०२० च्या एप्रिलपासून सहा महिने अमेरिकेत, साउथ डकोटातल्या न्यू वेलहाउट नावाच्या खेड्यात राहायचं, तिथे उरलेल्या माणसांशी बोलायचं आणि ते गाव कसं कसं रिकामं होत गेलं ते लिहायचं, असं तिचं काम होतं. तिकीट काढून झालं होतं, जाड जाकीटही घेऊन झालं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ती नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या आपल्या घरात, वरच्या मजल्यावर, इस्त्रीच्या टेबलाचं डेस्क करून बसली. खाली जेवणाच्या टेबलावर तिचा नवरा अजित दिवसभर हेडफोन लावून मीटिंगा करायचा. तो आइंडहोवनच्या एका कंपनीत चिप बनवायच्या यंत्रांवर काम करत होता. दहा वर्षांची हिमानी सोफ्यावर पाय घेऊन शाळा करायची आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायची.

सुचेता पुण्याहून आली तेव्हा तिच्याकडे समाजशास्त्राची पदवी होती आणि अजितच्या परमिटवर लागलेला व्हिसा. पहिली काही वर्षं हिमानीत गेली. मग ती डच शिकली, वाखनिंगनच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाली, आणि चाळिशी जवळ आल्यावर तिला हा तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. या देशातली तिची पहिली खरी नोकरी. तिच्या प्राध्यापक मारायके म्हणाल्या, "गाव बघायला मिळणार नाही, पण माणसं तरी मिळतील. फोन कर."

न्यू वेलहाउटच्या नगरकारकुनाला तिने ईमेल केली. उत्तरात एकच नाव आणि एकच नंबर आला. व्हर्ना लेन्सिंक.

व्हर्ना पंच्याऐंशीला टेकलेली, गावातल्या शाळेची शेवटची शिक्षिका. शाळा बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पण गावातली साठीच्या आतली सगळी माणसं तिच्याच हाताखालून गेलेली.

"तू जुन्या देशातून बोलतेयस?" तिने पहिल्याच फोनवर विचारलं.

"हो, नेदरलँड्समधून. पण मी मूळची भारतातली."

"म्हणजे तूही निघून आलेलीच," व्हर्ना म्हणाली. "बरं. विचार काय विचारायचंय ते."

मग दर आठवड्याला, सुचेताकडे दुपार आणि तिकडे सकाळ असताना, व्हर्नाचा फोन व्हायचा. व्हर्ना स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसायची आणि एकेक घर सांगत जायची. आज मेन स्ट्रीटची डावी बाजू, पुढच्या वेळी उजवी. कोणी बांधलं, कोण राहिलं, कोण कुठे गेलं. तिच्या बोलण्यातून सुचेताला गावाचा इतिहास मिळत गेला. १८८० च्या सुमाराला नेदरलँड्सच्या पूर्व टोकाच्या वेलहाउट नावाच्या खेड्यातून काही कुटुंबं निघाली. तिकडे वाट्याला येणारी जमीन इतकी कमी होती की धाकट्या मुलांना गडी म्हणून राबण्याशिवाय मार्ग नव्हता. इकडे झाड नसलेलं, वारा थांबत नसलेलं माळरान होतं, पण मैलच्या मैल होतं. त्यांनी आधी चर्च बांधलं, मग घरं. रेल्वे आली तसं धान्याचं उंच कोठार उभं राहिलं, लोणी काढायचा कारखाना आला, दोन बँका आल्या, आठवड्याचं वर्तमानपत्रसुद्धा निघायला लागलं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे गावात नऊशेवर माणसं होती.

तिथून पुढे सगळी उतरणच. धुळीची वादळं आली, माती उडून गेली. ट्रॅक्टर आले आणि दहा घरांचं शेत एक घर करायला लागलं. हमरस्ता गावाला बगल देऊन गेला. तरुण मुलं शिकायला गेली ती परत आली नाहीत, आणि जी परत आली ती आईबापांना पुरायला आली, असं व्हर्ना म्हणायची. आता गावात एकसष्ट माणसं होती. त्यांतल्या बहुतेकांना व्हर्ना अजून "पोरं" म्हणत होती, आणि तिच्याकडून नंबर घेऊन सुचेता त्यांतल्या काही जणांशी व्हिडिओवर बोललीही.

एकदा व्हर्ना १९१८ च्या साथीबद्दल बोलली. सुचेताने मुद्दाम विचारलं होतं.

"तेव्हा इथे ओल्थाउस नावाचे पाद्री होते," व्हर्ना म्हणाली. "माझी आजी सांगायची. साथ आल्याचं कळलं तसं त्यांनी चर्चच बंद केलं. रविवारी दाराशी उभे राहून लोकांना परत पाठवायचे. लग्न नाही, मयतीला गर्दी नाही. शेजारच्या गावात इतकी माणसं गेली की सुतार पेट्या करून थकला. आमच्याकडे चार गेले."

"म्हणजे त्यांनी गाव वाचवलं."

"हे तू म्हणतेस. गाव म्हणालं, चारच तर गेले, मग एवढ्यासाठी देवाचं घर बंद ठेवलंत? पुढच्या वर्षी त्यांना घालवून दिलं. आमच्या चर्चच्या दारात सगळ्या पाद्र्यांच्या नावांची लाकडी पाटी आहे. त्यात ओल्थाउसांचं नाव नाही. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, तर वडिलांनी दटावलं. बिचारे बरोबर होते. पण तेव्हापासून या गावात चर्च बंद करायची भाषा कुणी काढत नाही."

त्या उन्हाळ्यात निर्बंध थोडे सैलावल्यावर सुचेता गाडी घेऊन वेलहाउटला गेली. व्हर्नाने फार मागे लागून ते कबूल करून घेतलं होतं. विंटर्सवाइकच्या पलीकडे, जर्मनीच्या हद्दीजवळ एक चर्च, एक बंद बेकरी, विटांची नीटनेटकी घरं आणि भोवती मका. सुचेताने फोनच्या कॅमेऱ्यातून ते सगळं दाखवलं.

"एवढंच?" व्हर्ना म्हणाली. "आजी तर असं सांगायची जणू मोठं शहर सोडून आलो." मग ती हसली, आणि जरा वेळाने म्हणाली, "रस्त्यावर कुणीच कसं नाही गं?"

"लोक घरात आहेत."

"आमच्यासारखंच," व्हर्ना म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर सुचेता अजितला सारखं व्हर्नाचंच सांगत राहिली. आपल्या आयुष्यात नवीन माणूस आलंय, याचा तिला आनंद झाला होता. त्या वर्षी दुसरं कुणी यायची शक्यताच नव्हती.

ऑक्टोबरच्या शेवटी व्हर्ना फोनवर घाईत होती. मका निघाला की पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाचं जेवण असायचं. गाव वसलं तेव्हापासूनची रीत. हॅम, बटाटे, बीन्स, ॲपल पाय. गेली वीस वर्षं ते व्हर्नाच बघत होती.

"यंदाही करताय?" सुचेताने विचारलं.

"म्हणजे काय? मी घरोघरी फोन करतेय. निम्म्या लोकांना आठवण केल्याशिवाय कळत नाही."

"व्हर्ना, यंदा नका करू."

"इथे कुणालाही काही झालेलं नाही."

"अजून नाही झालेलं. मी तुमच्या काउंटीचे आकडे रोज बघते. झपाट्याने वाढतायत."

"आकडे," व्हर्ना म्हणाली. "ऐक. रविवारी चर्चला पंधरा माणसं येतात. शाळा नाही. कॅफे बंद झाला. पोस्ट सकाळी दोन तास उघडं असतं. वर्षातून एकदाच आम्ही सगळे एका खोलीत बसतो. तेवढं एक जेवण काढून टाकलं तर गाव कुठे राहिलं ते सांग मला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत, एवढंच."

"पुढच्या वर्षी करा."

"पुढच्या वर्षी कोण कोण असेल?"

सुचेताला राग आला. आपल्याला तो यायला नको हे कळत असूनही आला. "तुम्हीच मला ओल्थाउसांची गोष्ट सांगितलीत ना? ते बरोबर होते असंही तुम्हीच म्हणालात."

मग व्हर्ना म्हणाली, "तू माझी संशोधक आहेस की सून?" आणि हसून तिने फोन ठेवला.

सुचेताने हे मारायकेंना सांगितलं. इथे प्राध्यापकांनाही नावानेच हाक मारायची पद्धत, पण तिच्या मनात त्या नेहमी अहो-जाहोच असायच्या. त्या म्हणाल्या, "आपण तिथे ढवळाढवळ करायला गेलेलो नाही. तू बोललीस ते माणूस म्हणून ठीक आहे. यापुढे बोलू नकोस."

शनिवार गेला. रविवारी व्हर्नाने फोटो पाठवला. खालच्या छताची खोली, लांब टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, एकमेकांना खेटून बसलेली म्हातारी माणसं. मास्क एकाच्याही तोंडाला नव्हता. मध्यभागी मोठं भांडं धरून व्हर्ना उभी. किती छान दिसताहेत सगळे, असंच सुचेताच्या मनात पहिल्यांदा आलं. इतकी माणसं एका खोलीत तिने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. तिने फोटो मोठा करून एकेका चेहऱ्यावर नाव बसवायचा प्रयत्न केला. बहुतेक सगळी बसली.

पहिली आर्लीन गेली. ती व्हर्नाची बालमैत्रीण, मेन स्ट्रीटच्या डाव्या बाजूचं तिसरं घर. मग गॅरेज चालवणारे दोघे भाऊ, एका आठवड्यात दोघेही. मग पाद्री. मग कोठाराचा म्हातारा राखणदार आणि पाठोपाठ त्याची बायको. काउंटीच्या दवाखान्यात खाटा नव्हत्या. एकाला विमानाने दुसऱ्या राज्यात नेलं, तो तिथेच गेला, आणि बर्फामुळे त्याला परत आणायलाही कित्येक दिवस लागले. नाताळपर्यंत अकरा माणसं गेली. व्हर्नाला दोन दिवस नुसता खोकला झाला.

मधले काही आठवडे तिने फोन उचलला नाही. जानेवारीत तिचा स्वतःहून आला. सुचेताने कॅमेरा लावला, पण पलीकडून नुसता आवाज होता.

"वही घे," व्हर्ना म्हणाली. "मेन स्ट्रीट, डावी बाजू."

"व्हर्ना, आज नको. तुम्ही कशा आहात ते सांगा."

"लिही. पहिलं घर, रिकामं. ते तुला माहीत आहे. दुसरं घर, रॉजर, मुलाकडे गेला, परत येणार नाही. तिसरं, आर्लीन." ती एकाच पट्टीत बोलत होती, वर्गात हजेरी घ्यावी तशी. डावी बाजू संपली, उजवी संपली, चर्चमागची गल्ली संपली. सुचेताने काहीच लिहिलं नाही.

"आर्लीन येणार नव्हती," व्हर्ना शेवटी म्हणाली. "तिचा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, मी न्यायला येते, नखरे करू नकोस. माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसून आली. बाकीच्यांनाही मीच फोन केले होते. दोन-तीन जण का-कू करत होते, त्यांना मी लाजवलं. म्हटलं, तुमच्या आजोबांना काय वाटलं असतं?"

सुचेताने वही मिटली.

"तुझ्या अभ्यासाला उपयोग होईल ना याचा?" व्हर्नाने विचारलं. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवशी सुचेता खाली आली तेव्हा अजित कुकर लावत होता. तिचा चेहरा बघून त्याने गॅस बारीक केला. तिने सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला, आणि मग जरा गोंधळून म्हणाला, "पण तू इतकी का खचतेयस? म्हणजे वाईट झालंच. पण कोण लागत होती ती तुझी?"

तो दुष्टपणाने बोलला नव्हता. पण त्यानंतर सुचेताने हा विषय घरात काढला नाही.

मारायके मात्र उत्तेजित झाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, पण स्क्रीनवर त्यांचे डोळे चमकलेले सुचेताला दिसले. दीडशे वर्षांत हळूहळू आटत गेलेलं गाव, एका संध्याकाळी संपलं. तेही स्वतःच्या सर्वांत जुन्या रिवाजाने. आणि आपल्याकडे त्या संध्याकाळच्या आधीच्या मुलाखती आहेत! "असं कुणाकडेच नसेल," त्या म्हणाल्या. "हे लिहायलाच हवं."

फेब्रुवारीत व्हर्नाचा मुलगा डेनिस येऊन तिला सू फॉल्स शहरातल्या वृद्धाश्रमात घेऊन गेला. एप्रिलमध्ये गावात मतदान झालं. रस्त्यावरचे दिवे, बर्फ काढणं, पाणी, काहीच चालवायला माणसं उरली नव्हती, म्हणून नगरपालिका विसर्जित करायची का, हा प्रश्न होता. सभा ऑनलाइन होती. सुचेताने ती पाहिली. दहा-बारा चौकोनांत चेहरे होते, अर्ध्यांचा आवाज बंदच राहिला होता. कुणी भांडलं नाही. विरोधात एकही मत पडलं नाही. "झालं मग," नगरकारकून म्हणाला, आणि चौकोन एकेक करून विझले. न्यू वेलहाउट नावाचं गाव कागदोपत्री संपलं.

त्याच दिवशी ठाण्यात अजितचे जयप्रकाशकाका गेले. भारतात दुसरी लाट ऐन भरात होती. अजितचा फोन दिवसरात्र वाजत होता. कुणाला ऑक्सिजन हवा, कुणाला खाट, कुणाला इंजेक्शन. मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज कुणाचे तरी आई नाहीतर वडील जात होते आणि इथून कुणालाच जाता येत नव्हतं. संध्याकाळी घरातले सगळे व्हिडिओवर जमले. काकू, चुलतभाऊ, पुण्याहून सासूबाई. कुणीतरी काकांच्या आठवणी सांगत होतं. सुचेताला रडू फुटलं. ते आवरेना. ती तोंडावर ओढणी धरून हुंदके देत राहिली.

काकांना ती आयुष्यात दोनदा भेटली होती.

"बघा, सुचेताला किती लागलंय," सासूबाई रडत म्हणाल्या. "इतक्या लांब राहूनही आपलं माणूस धरून आहे पोर." काकूंनी पलीकडून हात जोडले. अजितने तिला जवळ घेतलं. आपण कुणासाठी रडतोय हे त्या घडीला सांगणं सुचेताला अशक्य होतं, आणि न सांगता त्या हातांमध्ये बसून राहणं त्याहून अवघड होतं. ती बसून राहिली.

तिने लेख लिहायला घेतला. व्हर्नाचा भाग तिने गाळला. जेवणाला इतकी माणसं कशी जमली हे तिने दोन ओळींत मोघम लिहिलं: परंपरा, एकटेपणा, अधिकाऱ्यांवरचा अविश्वास. मे महिन्यात वृद्धाश्रमातून फोन आला. व्हर्नाचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"लिहून झालं?"

"होत आलंय."

"माझं काय लिहिलंस?"

"तुम्ही शाळेत शिकवायचात. गावाची सगळी माहिती तुम्ही दिलीत."

"आणि जेवणाचं?"

सुचेता स्क्रीनवरच्या त्या दोन मोघम ओळींकडे बघत राहिली.

"सुचेता," व्हर्ना म्हणाली. तिला तो 'च' कधी नीट जमला नाही. "ओल्थाउस बरोबर होते आणि त्यांचं नाव आम्ही पुसलं. मी चूक होते. तुझ्या लेखात माझं नाव आलं पाहिजे. व्हर्ना लेन्सिंकने घरोघरी फोन करून बोलावलं, असं. आणि ओल्थाउसांचं नाव. आणि गावाचं. आता ते दुसरीकडे कुठेही लिहिलं जाणार नाही. इथे मला सगळे म्हणतात, तुमची चूक नव्हती, गोळी घ्या. त्यांना मी कोण तेच माहीत नाही. तुला माहीत आहे."

"लिहिते," सुचेता म्हणाली.

आणि तिने लिहिलं. फोन, लाजवणं, आर्लीनचा गुडघा, सगळं. पण नावं घालायची परवानगी तिच्या हातात नव्हती. मुलाखत देणाऱ्यांची नावं, गावाचं नाव, ओळख पटेल असं काहीही छापणार नाही, अशी हमी प्रकल्पाच्या सुरुवातीलाच दिलेली होती. तिने विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अपवादासाठी अर्ज केला. चार माणसांनी तिचं सभ्यपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की एका खचलेल्या, आजारी वृद्धेची ही इच्छा तिच्या हिताची मानता येत नाही, आणि गेलेल्या अकरा जणांच्या मुलाबाळांनाही हे वाचावं लागेल. सुचेताला त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येईना. तिने स्वतःही कदाचित तेच म्हटलं असतं.

मग तिने डेनिसला फोन केला. त्याने हो म्हटलं असतं तर तिने पुन्हा अर्ज केला असता.

"मॅडम," तो म्हणाला, "माझ्या आईने चाळीस वर्षं पोरं शिकवली. आता कुणी तिचं नाव शोधलं की अकरा माणसं मारली असं पुढे यायला हवंय का तुम्हाला? माझी मुलं वाचतील ते."

"त्यांचीच इच्छा आहे."

"तिला काय हवंय ते तिला सध्या कळत नाही. तुम्ही आता तिला फोन करू नका, असं मी सांगणार होतो. पण ती तुमची वाट बघते. म्हणून करा. मात्र हे नको."

लेख नोव्हेंबरमध्ये छापून आला. त्यात गावाला 'प' म्हटलं होतं. मारायकेंनी केक आणला. नेदरलँड्स पुन्हा बंद व्हायच्या बेतात होतं, म्हणून केक विद्यापीठाच्या आवारात, वाऱ्यात उभं राहून खाल्ला. प्रकल्पाची मुदत संपत आली होती आणि पुढच्या प्रकल्पासाठी निधी नव्हता. मारायकेंना मनापासून वाईट वाटत होतं.

डिसेंबरात सुचेताने व्हर्नाला फोन लावला. तिने बरेच दिवस टाळला होता. वृद्धाश्रमातल्या मुलीने फोन व्हर्नाच्या कानाशी धरला.

"आलं का छापून?"

"आलं."

"नाव आलं?"

हो म्हणणं सोपं होतं. व्हर्ना तो लेख कधीच बघणार नव्हती. सुचेताने डोळे मिटले. "नाही," ती म्हणाली. "नाही घालू दिलं. मी प्रयत्न केला. कुणाचंच नाव नाही. गावाचंही नाही. तुम्हाला 'मुलाखत क्रमांक सात' म्हटलंय."

"ओल्थाउस?"

"एक पाद्री, एवढंच."

"म्हणजे पुन्हा नाही," व्हर्ना म्हणाली.

"सॉरी, व्हर्ना."

"मी सात," ती म्हणाली. "आणि आर्लीन?"

"त्यांची मुलाखत झालीच नव्हती. त्या नेहमी पुढच्या आठवड्यात म्हणायच्या."

"हो, तशीच होती ती," व्हर्ना म्हणाली. मग तिकडच्या मुलीला उद्देशून काहीतरी बोलली, ते सुचेताला कळलं नाही. मुलगी फोनवर आली आणि म्हणाली, त्या दमल्यात, त्यांना आता पडायचंय.

फेब्रुवारीत डेनिसचा दोन ओळींचा मेसेज आला. आई गुरुवारी गेली. तिला न्यू वेलहाउटला पुरलं, जमीन गोठलेली होती म्हणून यंत्र आणावं लागलं. फुलं पाठवू नका, घ्यायला तिथे कुणी नाही.

सुचेताने तो वाचला, उत्तर पाठवलं, आणि हिमानीला पोहण्याच्या क्लासला सोडायला गेली. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं.

मे महिन्यात एका रविवारी ती आणि अजित ऱ्हाइनच्या बांधावर फिरायला गेले. सगळं उघडलं होतं. सायकलींची गर्दी होती, माणसं खेटून बसून बिअर पीत होती, साथ कधी आलीच नव्हती अशा थाटात हसत होती. सुचेता आता एका बियाणं कंपनीत विक्रीचे तक्ते भरायचं काम करत होती. अजितने पुढच्या महिन्याची पुण्याची तिकिटं काढली होती आणि तो त्याबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याला आठवलं.

"अगं, ती तुझी अमेरिकेतली म्हातारी. कशी आहे आता?"

"गेली."

"अरे! कधी?"

"फेब्रुवारीत."

अजित चालता चालता थांबला. "मला बोलली नाहीस."

सुचेताने नदीकडे बघितलं. एक लांब मालवाहू बोट उताराला चालली होती. तिच्यावर वाळूचे ढीग होते आणि माणूस कुणी दिसत नव्हतं.

"काय बोलणार होते?" ती म्हणाली.

मागून सायकलवाल्यांनी घंटा वाजवली. दोघं बाजूला झाली, आणि मग पुढे चालायला लागली.